गाठ काढली? थांबा, फेकू नका!

बरणीचं तोंड रुंद हवं! रुंद! एवढी साधी गोष्ट, आणि मला ती परवापरवापर्यंत ठाऊक नव्हती, आणि आता कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगते आहे. ऐका ना! ऑपरेशन करून काढलेली ताजी गाठ मऊ असते, दाबली की दबते, त्यामुळे ती अरुंद तोंडाच्या बाटलीतसुद्धा अलगद सरकते, आणि मग ती रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, बुडून राहते, आणि मग कडक होते, आणि मग लॅबमध्ये ती बाहेर काढायला जावं तर येतच नाही! आत गेलेली बाहेर येत नाही! बाटली फोडा, नाहीतर गाठ खेचून काढा. आणि खेचली की ती फाटते, चेंगरते. एका मुक्या जिवाचं पुढचं सगळं ज्या तुकड्यावर ठरायचं, तो तुकडा बाटलीच्या गळ्यापाशी वाया जातो!

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. विज्ञानाशी माझा संबंध शाळेबरोबर संपला. इथं लिहिते आहे ते सगळं नुकतंच पाहिलेलं, विचारून विचारून घेतलेलं, वहीत भराभरा उतरवलेलं. माझी भाची जनावरांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात आमच्या सोसायटीतल्या राणीचं ऑपरेशन होतं, राणीच्या घरच्यांना सोबत हवी होती म्हणून मी गेले, आणि मग भाची म्हणाली, "मावशी, गाठ काढल्यावर पुढं काय होतं ते बघायचंय का तुला?" आणि मग मी बघितलं, आणि मग तिच्या मागं लागून पार लॅबपर्यंत गेले, आणि आता मला गप्प बसवत नाही! तुम्हीही चला. मास्क लावा, हातमोजे घाला, टेबलापासून थोडं लांब उभं राहा. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं!

राणी म्हणजे नऊ वर्षांची लॅब्रॉडॉर. अख्ख्या सोसायटीची लाडकी. तिच्या मागच्या मांडीवर दोनेक सेंटिमीटरची गाठ आली होती. घरच्यांना वाटलं चरबीची असेल. भाचीनं आधी बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढून घेतल्या, काचपट्टीवर पसरल्या, रंगवल्या आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. अहो, दाणे! गोल गोल पेशी आणि प्रत्येकीच्या पोटात जांभळ्या दाण्यांची ही गर्दी! "या मास्ट सेल्स," ती म्हणाली. पॉल एर्लिश नावाच्या शास्त्रज्ञानं १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं, आणि त्या मला आज आमच्या राणीच्या मांडीत दिसत होत्या! त्या दाण्यांत हिस्टामीनसारखी रसायनं साठवलेली असतात, म्हणून अशी गाठ उगाच चिवडायची नाही. चिवडली की दाणे फुटतात आणि गाठ लाल होते, सुजते! म्हणून तर ऑपरेशनच्या आधी अँटिहिस्टामीनचं इंजेक्शन देतात.

"मग कळलंच की काय आहे ते! आता लॅबला कशाला पाठवायचं?" मी विचारलं.

"सुई सांगते गाठ कशाची आहे," भाची म्हणाली. "ती किती वाईट आहे आणि सगळी निघाली का, ते सांगायला अख्खी गाठच लागते."

किती खरं आहे! सुईत येतात त्या सुट्या पेशी. पण त्या एकमेकींजवळ कशा बसल्या होत्या, कुठल्या थरात घुसल्या होत्या, कापलेल्या कडेपर्यंत पोचल्या होत्या का, हे सुट्या पेशींवरून कळणार कसं? त्यासाठी तुकडा जसाच्या तसा हवा. आणि जसाच्या तसा ठेवणं ही केवढी मोठी कामगिरी आहे, ते मला त्या टेबलाशी कळलं!

गाठ निघाली. गाठीभोवतीची दोन सेंटिमीटर चांगली कातडी आणि खालचा एक थर यांच्यासकट निघाली. आणि घड्याळ सुरू झालं! कारण रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच रसायनांनी स्वतःला विरघळवायला लागतात. स्वतःला! आतड्याचा आणि स्वादुपिंडाचा तुकडा तर यात सगळ्यांत घाईचा, तो बघता बघता बिघडतो. म्हणून तुकडा टेबलावर ठेवून आधी हात धुऊ, चहा घेऊ, मग बघू, असं चालत नाही. ओल्या गॉझमध्ये गुंडाळून संध्याकाळपर्यंत ठेवणं चालत नाही. सलाइनमध्ये बुडवून ठेवणंही चालत नाही! आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नाही! मला वाटायचं गोठवलं की सगळं टिकतं. पण पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात, आणि मग ते स्फटिक पेशी फाडतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली भोकंच भोकं!

आणि चिमटा! भाचीनं गाठीला चिमटा लावलाच नाही. कडेची कातडी तेवढी हलक्या हातानं धरली. चिमट्यात पेशी चेंगरल्या की त्या लांबुळक्या, काळपट, ओळखू न येणाऱ्या होतात. बारीक तुकडा असेल तर तो सुईच्या टोकानं उचलून फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. रक्त थांबवायला वापरतात ती डागणारी तार असते ना, तीही तुकड्याच्या कडेपासून लांब ठेवायची, कारण भाजलेल्या कडेवर काही वाचता येत नाही. आणि कडच तर वाचायची असते!

आता कडेची गंमत सांगते. भाचीनं गाठीला टाके घातले! राणीच्या मांडीला घातलेच, पण काढलेल्या गाठीलासुद्धा! डोक्याच्या दिशेच्या कडेला एक टाका, पाठीच्या दिशेच्या कडेला दोन. आणि फॉर्मवर तसं लिहिलं. का? कारण शरीरातून सुटलेल्या तुकड्याला वर-खाली, पुढं-मागं काही उरतच नाही! लॅबमधल्या माणसानं उद्या कळवलं, की एका बाजूला पेशी शिल्लक आहेत, तर ती बाजू कुठली? पोटाकडची की पाठीकडची? टाका असेल तर लगेच सांगता येतं, आणि दुसऱ्यांदा कापायची वेळ आली तर नेमकं तेवढंच कापता येतं.

आणि मग शाई! हो, शाई! कापलेल्या सगळ्या कडांना आणि तळाला तिनं शाई लावली, जास्तीची टिपली, काही मिनिटं सुकू दिली आणि मगच गाठ बरणीत सोडली. ही शाई फॉर्मॅलिनमध्ये जात नाही, अल्कोहोलमध्ये जात नाही, मेणात जात नाही, रंगवताना जात नाही, आणि शेवटी काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, तुकड्याच्या कडेनं एक रेघ होऊन उभी राहते! गाठीच्या पेशी त्या रेघेला टेकलेल्या दिसल्या तर समजायचं की काही पेशी बहुधा जनावराच्या अंगात राहिल्या. मध्ये चांगली जागा दिसली तर ती जागा मिलिमीटरमध्ये मोजायची! एका रेघेवर एवढं सगळं ठरतं! आणि आणखी एक, कातडी काढल्यावर आकसते, फॉर्मॅलिनमध्ये आणखी आकसते. म्हणून किती सेंटिमीटर सोडून कापलं ते डॉक्टरांनी आधीच मोजून फॉर्मवर लिहायचं, नाहीतर रिपोर्टमधला आकडा कमी दिसतो आणि सगळे गोंधळतात.

आता फॉर्मॅलिन! ज्याला दहा टक्क्यांचं फॉर्मॅलिन म्हणतात त्यात फॉर्मल्डिहाइड असतं चार टक्क्यांच्या आसपास, कारण बाजारात मिळणारं मूळ द्रावणच ३७ ते ४० टक्क्यांचं. त्याचे १०० मिलिलिटर, पाणी ९०० मिलिलिटर, आणि त्यात सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, एक ४ ग्रॅम आणि एक साडेसहा ग्रॅम. क्षार कशाला? फॉर्मॅलिन आंबट होऊ नये म्हणून! आंबट झालं की ते रक्ताशी मिळून तपकिरी-काळे ठिपके तयार करतं, आणि मग ते ठिपके सगळ्या तुकडाभर पसरतात. साडेसहा ग्रॅम मीठ आणि केवढा फरक!

आणि हा शोध लागला कसा माहीत आहे? फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून वापरून बघत होते, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या बोटांची कातडी कडक झाली आहे! स्वतःची बोटं! ती बोटं बघून त्यांना सुचलं की यानं ऊती टिकवता येतील. हे १८९३ साली. आजही जगभर तेच द्रावण! बोटांवरून आठवलं, हे द्रावण माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून हातमोजे हवेतच, खिडकी उघडी हवी आणि बरणीचं झाकण घट्ट हवं.

पण नुसतं बुडवून भागत नाही! तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन हवं. दहापट! लोणच्याच्या बरणीत फोडी खच्चून भरतात आणि खार वरून सुटतो, इथं बरोबर उलटं, फोड एवढीशी आणि भोवती खारच खार. कारण फॉर्मॅलिन आत शिरतं ते तासाला साधारण एक मिलिमीटर, आणि जसं खोल जाईल तसं आणखी सावकाश. आता मुठीएवढी गाठ अख्खी बुडवली तर काय होईल? बाहेरून कडक, आणि आत फॉर्मॅलिन पोचेपर्यंत मधला भाग सडलेला! म्हणून तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. मोठी गाठ असेल तर वरून सेंटिमीटरभर अंतरानं छेद द्यायचे, तळ मात्र अखंड ठेवायचा, म्हणजे फॉर्मॅलिन आत शिरतं आणि गाठीची दिशाही हरवत नाही. फार मोठी असेल तर वेगवेगळ्या जागचे तुकडे पाठवायचे आणि उरलेली गाठ रिपोर्ट येईपर्यंत फॉर्मॅलिनमध्येच जपायची.

आणि कुठल्या जागचे तुकडे? मला वाटलं गाठीच्या मधोमध खरा माल असणार. नाही! मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो, तिथं बघायला काहीच उरत नाही. गाठ जिथं चांगल्या भागाला भिडते ती कड घ्यायची! प्लीहेचं तर ऐकाच. कुत्र्याची प्लीहा सुजून मोठी झाली की ती नुसती रक्ताची गाठ आहे की हेमँजिओसार्कोमा नावाचा भयंकर कॅन्सर, हे उघड्या डोळ्यांना ओळखता येत नाही, कारण त्या कॅन्सरभोवतीही रक्तच साकळलेलं असतं. एकच तुकडा पाठवला आणि तो नेमका साकळलेल्या रक्ताचा निघाला, तर रिपोर्ट सांगणार काय? म्हणून चार-पाच जागचे तुकडे हवेत. दोन्ही शक्यता खऱ्या असतात, आणि एका कुटुंबाचे पुढचे महिने त्यावर ठरतात!

कातडीच्या आजारांत तर सगळंच नवल! आपण जन्मभर ऐकत आलो की आधी जागा स्वच्छ करा, घासा, पुसा. इथं घासायचं नाही! केस कात्रीनं हलकेच कापायचे आणि बस. कारण वरची खपली हाच पुरावा असतो! पेम्फिगस नावाचा आजार असतो, त्यात शरीर आपल्याच कातडीच्या पेशींमधले जोड सोडवत बसतं, आणि त्या सुटलेल्या पेशी खपलीत अडकलेल्या सापडतात. खपली घासून टाकली की रोगाचं नावच पुसलं! खपली सुटून पडली तर तीसुद्धा उचलून बरणीत टाकायची. तुकडा घ्यायला सहा किंवा आठ मिलिमीटरचा गोल पंच असतो. तो एकाच दिशेनं फिरवायचा, मागंपुढं नाही, नाहीतर थर पिळवटतात. भूल द्यायची ती कातडीच्या खाली, कातडीत नाही. आणि मग तो इवलासा तुकडा टिपून, चरबीची बाजू खाली करून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मिनिटभर चिकटू द्यायचा, आणि मग पुठ्ठ्यासकट फॉर्मॅलिनमध्ये उपडा सोडायचा, म्हणजे तो वळून गोळा होत नाही! पुठ्ठा! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माझा नमस्कार!

आणि एक पक्कं लक्षात ठेवा, जंतू किंवा बुरशी वाढवून बघायची असेल तर तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. फॉर्मॅलिन सगळ्यांना मारतं, मग वाढणार काय? तुकड्याचे आधीच दोन भाग करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत, थंड ठेवून, लवकरात लवकर लॅबकडे.

मग आला फॉर्म. मला वाटायचं फॉर्म म्हणजे नुसतं कंटाळवाणं काम. अहो, अर्धं निदान तिथं आहे! विचार करा, लॅबमध्ये गाठ तपासणारा पॅथॉलॉजिस्ट राणीला कधीच बघणार नाही. ती कशी चालते, गाठ कधी आली, कशी वाढली, त्याला काही माहीत नाही. त्याच्यासमोर एक बरणी आणि एक कागद. आणि कागदावर नुसतं "गाठ, कुत्रा" एवढंच लिहिलेलं असेल तर? भाचीनं लिहिलं: जात, वय, मादी, गर्भाशय काढलेलं. गाठ कुठल्या पायावर, कुठल्या बाजूला, किती मोठी, किती दिवसांत वाढली, हलते की घट्ट बसली आहे. आधी सुईची तपासणी केली त्यात काय दिसलं. स्टेरॉइड चालू होतं का. तिला स्वतःला काय वाटतं. आणि मग तिनं चक्क कुत्र्याचं चित्र काढून मांडीवर फुली मारली!

वय लिहिल्यानं काय होतं, तेही विचारलं मी. तर ऐका! तरण्या कुत्र्याला कधी कधी एक लालबुंद गोल गाठ उठते, भराभर वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली भीतिदायक दिसते, आणि पुष्कळदा आपोआप विरून जाते! हिस्टिओसायटोमा तिचं नाव. आता वय दीड वर्ष आणि गाठ थोड्याच आठवड्यांत आलेली, हे कागदावर असेल तर बघणाऱ्याला केवढा आधार! आणि ही माहिती कोण देणार? आपण! घरचे! गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार?

नाव बरणीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही! टेबलावर चार बरण्या उघड्या असल्या की झाकणं बदलतात, आणि झाकण बदललं की एकाचा कॅन्सर दुसऱ्याच्या नावावर! दोन गाठी असतील तर दोन बरण्या. मग झाकणाला टेप, बरणीभोवती सांडलं तर शोषून घेईल असा कागद किंवा कापूस, मग घट्ट बंद पिशवी, मग खोका, आणि फॉर्म पिशवीच्या बाहेर, वेगळ्या प्लास्टिकमध्ये, कोरडा. आणि सुईतून काढलेल्या पेशींच्या काचपट्ट्या त्याच खोक्यात? कधीच नाही! फॉर्मॅलिनची नुसती वाफ लागली तरी त्या पट्ट्या नीट रंगत नाहीत. बंद बरणीतून निसटलेली वाफ! दोन वेगळे खोके, बस.

आणि मग लॅब! तिथं तर माझे पाय जमिनीवर नव्हते. नीट कडक झालेली गाठ तिथं मोजतात, कापतात, त्यातले पातळ तुकडे छोट्या जाळीदार डब्यांत ठेवतात, आणि डब्यांवर नंबर घालतात पेन्सिलीनं, कारण पुढच्या अल्कोहोलमध्ये साधी शाई धुऊन जाते! आणि मग रात्रभर ते डबे चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून जातात म्हणजे पाणी निघतं, आणि मग झायलीनमधून जातात म्हणजे अल्कोहोल निघतं, आणि मग साठेक अंश सेल्सिअसच्या पातळ मेणात जातात म्हणजे पाण्याच्या जागी मेण भरतं, आणि मग त्याचा थंड, घट्ट ठोकळा होतो, आणि मग तो मायक्रोटोमवर चढतो. चाक फिरवलं की पातं काप काढतं. तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप! आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा असतो! काप एकमेकांना चिकटून लांब पट्टी होऊन येतात, ती पट्टी कोमट पाण्यावर सोडतात, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या सगळ्या सुरकुत्या निघून गेल्या! मग पाण्याखालून काचपट्टी वर आणली आणि पट्टी तिच्यावर अलगद बसली. लॅबमधल्या ताईंनी हे किती सहज केलं! मी श्वास रोखून उभी!

मग रंग. हिमॅटॉक्सिलिन, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघणारा, त्यानं पेशींची केंद्रं निळी-जांभळी. इओसिननं बाकीचं गुलाबी. आणि मास्ट सेल दाखवायला आणखी एक रंग, टोल्युइडिन ब्ल्यू. रंग निळा, पण दाण्यांना लागला की दिसतो जांभळा! निळ्या रंगातून जांभळे दाणे! मी पुन्हा पुन्हा बघितलं.

आणि मग पॅथॉलॉजिस्ट बघतात. मास्ट सेलच्या गाठींसाठी अमिय पटनाईक यांनी १९८४ साली तीन श्रेणी मांडल्या, त्या आजही रिपोर्टमध्ये असतात. २०११ साली आणखी सोपी पद्धत आली, कमी धोक्याची आणि जास्त धोक्याची, अशा दोनच. त्यात विभागणाऱ्या पेशी मोजतात: मोठ्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत सात किंवा जास्त दिसल्या तर गाठ जास्त धोक्याची. मोजतात! माणूस बसून एकेक पेशी मोजतो! राणीचा रिपोर्ट आला: कमी धोक्याची, शाईच्या रेघेपासून सगळीकडे चांगली जागा मोकळी. घरच्यांनी पेढे वाटले!

हे फक्त शहरातल्या कुत्र्यांचं आहे असं समजू नका हं. आपल्या बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो. बैल डोकं झटकत राहतो, शिंग घासतो, ते एका बाजूला कलतं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. तिथला तुकडा पाठवताना हाडाचा भाग असेल तर तो लॅबमध्ये आधी आम्लात मऊ करावा लागतो, नाहीतर पातंच चालत नाही, म्हणून हाड असल्याचं फॉर्मवर लिहायचं. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत एक गाठ दिसते, जननेंद्रियावरची, रक्ताळ. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते ती कॅन्सरच्या जिवंत पेशींच्या रूपात! आजच्या सगळ्या कुत्र्यांतली ही गाठ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची वंशज आहे! नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानं १८७६ सालीच ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. आणि ती व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा बरी होते. म्हणजे आधी ओळखली पाहिजे, एवढंच!

आणि ओळखणारी माणसं आपल्याजवळ आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं! नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, सगळीकडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिवाय खासगी लॅब आहेत, कुरिअर आहे.

आणि लॅबमधले ते मेणाचे ठोकळे टिकतात! साध्या कपाटात, वर्षानुवर्षं! १९१८ च्या साथीत गेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुफ्फुसाचा असाच तुकडा जपून ठेवलेला होता, आणि १९९७ साली जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून त्या इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे बाहेर काढले. जवळजवळ ऐंशी वर्षांनी! फॉर्मॅलिन आणि मेण! म्हणजे राणीचा ठोकळाही असाच राहील, उद्या नवी तपासणी निघाली तर पुन्हा कापता येईल.

आता तुमच्याकडे येते, कारण तुम्ही इथवर माझ्याबरोबर धावत आला आहात. तुमच्या कुत्र्याची, मांजराची, गाईची, बैलाची गाठ काढायची ठरली, तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "गाठ तपासायला पाठवणार ना?" गाठ कधी दिसली, कशी वाढली, कुठली औषधं दिली, हे तारखांसकट कागदावर लिहून न्या. खर्चाचं आधीच बोलून घ्या. बरणी रुंद तोंडाची आहे ना, आणि नाव तिच्या अंगावर आहे ना, तेवढं बघा. आणि काढलेली प्रत्येक गाठ लॅबला जाऊ द्या, दिसायला कितीही साधी असली तरी. जनावर आपलं दुखणं सांगू शकत नाही. त्याच्या वतीनं तो तुकडा बोलतो, फक्त तो नीट पोचवायला हवा, आणि ते आपल्या हातात आहे!